बाबांच्या तंबोऱ्याची घोडी

२०२४ च्या जुलैमध्ये आम्ही ठाण्याच्या नौपाड्यातलं घर आवरलं आणि मेलबर्नला आलो. मी, नवरा आणि नऊ वर्षांची लेक. आई माझ्या धाकट्या भावाकडे पाचपाखाडीत राहायला गेली. घरातलं निम्मं सामान वाटून टाकलं, काही विकलं, आणि जे सोडवत नव्हतं ते जहाजानं पाठवलं. निघण्याआधी परदेशी स्थायिक झालेल्या चार-पाच घरांशी बोलले होते. भाडं किती पडलं, किती दिवस लागले, काय फुटलं, हे सगळ्यांनी भरभरून सांगितलं. कस्टम्सचं विचारलं की मात्र एकच उत्तर यायचं, "ते एजंट बघतो." एजंट कागद पुढे सरकवतो, हे खरं. पण त्या कागदावर काय लिहायचं ते घरातल्या माणसानंच सांगायचं असतं. आपल्याच घरातल्या वस्तू कशाच्या बनलेल्या आहेत, हे मला तीन आठवड्यांत नव्यानं शोधून काढावं लागलं. आता कुणी निघत असेल तर त्याला निदान हे आधी कळावं म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमच्या क्लिअरिंग एजंटचं ऑफिस बेलापूरला होतं. तिथले काका मूळचे उरणकडचे. न्हावा-शेव्याचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, त्यानंतर लगेचच ते या लाइनमध्ये आले. मी यादी छापून नेली होती. 'किचनचं सामान, ६ खोकी. पुस्तकं, ४ खोकी. देवघर, १. किरकोळ, ३.' काकांनी ती वाचली आणि शांतपणे बाजूला ठेवली.

"ताई, टेम्पोवाल्याला ही यादी चालेल. कस्टमला नाही चालायची. किरकोळ म्हणजे काय? तिकडचा ऑफिसर 'किरकोळ' वाचेल आणि पहिलं तेच खोकं फोडेल."

मग त्यांनी एका कोऱ्या कागदावर उभ्या रेघा मारून रकाने पाडले. खोक्याचा नंबर, वस्तू, नग, कशाची, किती वर्षं वापरात, अंदाजे किंमत. 'कशाची' या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या. पुढचे तीन आठवडे मी त्या दोन रेघांवरच काढले.

समजायला सोपं म्हणून काका म्हणाले, दोन दारं आहेत असं धरा. पहिलं दार इकडचं. भारतातून बाहेर जाऊ नये असं काही चाललंय का, एवढंच तिथे बघतात. पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाच्या प्रती, पॅन, आधार, एजंटला दिलेलं अधिकारपत्र आणि ती यादी एवढ्यावर शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सकडचा निर्यातीचा अर्ज, भरला जातो. घरच्या वापराचं सामान असल्यानं व्यापाऱ्यांना लागतो तो आयात-निर्यात कोड लागत नाही. कागद म्हणून हे दार फार अवघड नाही.

दुसरं दार ऑस्ट्रेलियाचं, आणि तिथे दोन खाती उभी असतात. बॉर्डर फोर्स विचारतं, ही वस्तू खरंच तुमची जुनी वापरातली आहे का. कृषी खातं विचारतं, हिच्यात बी, किडा, माती, साल, कातडं, पीस यांतलं काही आहे का. दोघांसाठी मिळून एकच फॉर्म, बी ५३४ नंबरचा, सोबत न नेलेल्या घरगुती सामानाचं निवेदन. खाली सही तुमची. ती एजंटची नसते, पॅकर्सचीही नसते.

आधी बॉर्डर फोर्सचं सांगते, कारण त्यातली चूक आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घर करतं. नियम असा की तिकडे पोहोचण्याआधी किमान बारा महिने वस्तू तुमच्या मालकीची आणि वापरातली असेल तर तिच्यावर ड्यूटी लागत नाही. त्याहून नवी असेल तर ड्यूटी आणि दहा टक्के जीएसटी लागू शकतो. आणि आपण काय करतो? तिकडे महाग मिळतं म्हणून निघायच्या आधी दोन महिने सगळं नवंकोरं घेतो. मीही एप्रिलमध्ये राममारुती रोडवरून नवा मिक्सर, दोन कुकर आणि चादरींचा गठ्ठा आणला होता. वर नातेवाइकांनी केळवणाच्या थाटात जेवायला बोलावून हातात दिलेल्या भेटी. काकांनी बिलाची तारीख बघून विचारलं, "हे जहाजात कशाला? बॅगेतून न्या." प्रवाशाला सोबतच्या सामानात दर मोठ्या माणशी नऊशे ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या वस्तूंना सवलत असते, आणि एका कुटुंबानं एकत्र प्रवास केला तर ती एकत्र धरता येते. म्हणून नवं ते विमानात आणि जुनं ते जहाजात, अशी वाटणी केली. माझा पंधरा वर्षांचा, दांडी जळकी झालेला कुकर जहाजानं गेला. नव्या कुकरची पावती मी हातातल्या पिशवीत ठेवली.

आता इकडच्या दाराकडे येते. तिथे माझं सगळ्यात जास्त मन अडकलं.

आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची पद्धत आहे, म्हणून मी दर वेळी देवाचे आभार मानते. आमच्याकडे दोन मोठी भांडी होती. एक तांब्याचं घंगाळ, बाबांच्या आजीच्या लग्नातलं. त्याच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत नाव आणि 'शके १८४२' असं कोरलेलं. दुसरी पितळी समई, तिच्या बुडाशी 'शके १८७५'. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे घंगाळ १९२० चं, समई १९५३ ची. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी, कारागिरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू त्यात मोडत नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागतो. मुंबई मंडळाचं ऑफिस शीवच्या किल्ल्यात आहे. फोटो, मापं, अर्ज, मग त्यांची तपासणी. समईबद्दल प्रश्न नव्हता, तिची तारीख तिच्याच बुडाशी होती. घंगाळानं मात्र शंभरी चार वर्षांपूर्वी ओलांडली होती.

मी अर्ज करणार होते. आईनं घंगाळावरून हात फिरवला, ते अक्षर बोटानं वाचलं आणि म्हणाली, "अगं, ज्या नदीचं पाणी यात तापलं त्या नदीपासून इतकं लांब कशाला न्यायचं? राहू दे इथे." ते भावाच्या घरी राहिलं. पणजोबांच्या हातची एक पोथी होती, ती त्याच्याही आधीची. हस्तलिखितांना तर पंचाहत्तर वर्षांचीच मर्यादा आहे. तिची पानं मी एका रविवारी खिडकीजवळ बसून एकेक करून फोनवर टिपली आणि पोथी तशीच लाल कापडात बांधून परत कपाटात ठेवली.

बाकीचं पटकन सांगते. मोरपिसांच्या निर्यातीला बंदी आहे. लेकीनं वहीत जपलेलं पीस शाळेतल्या मैत्रिणीला दिलं. चंदनावरही बंधनं आहेत, म्हणून देवपूजेची सहाण गेली आणि खोड राहिलं. सोनं खोक्यात घालायचंच नव्हतं. ते अंगावर आणि हातातल्या पिशवीत, आणि पुढे परत आणताना प्रश्न येऊ नये म्हणून निघताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घेतलं.

मग राहिला तंबोरा.

बाबा शिक्षक होते, गाणं हा त्यांचा पेशा नव्हता. पण शाळेतून आल्यावर रोज तासभर ते तंबोरा घेऊन बसायचे. हा तंबोरा त्यांनी नोकरी लागल्यावर मिरजेहून आणला होता. २०२४ मध्येच मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला भौगोलिक मानांकन मिळालं. ते वाचलं तेव्हा बाबा असायला हवे होते असं फार वाटलं. काकांच्या रकान्यात मी लिहिलं, 'तंबोरा, १ नग, लाकूड'. काकांनी विचारलं, "आणि खालचा गोल?"

खालचा गोल म्हणजे भोपळा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकणारा, सुकवून आतून कोरलेला कडू भोपळा. म्हणजे वनस्पतीचं वाळलेलं फळ, ऑस्ट्रेलियाच्या कृषी खात्यानं सगळ्यात आधी हात लावावा असं. आत एखादी बी राहिली असेल तर अडणार, भुंगेऱ्यानं भोक पाडलं असेल तर अडणार. किडा सापडला तर धुरी द्यायची, परत पाठवायचं किंवा नष्ट करायचं, एवढेच पर्याय, आणि खर्च आपला. धुरी मेथिल ब्रोमाइडची. रबर, कातडं, पिसांच्या उशा अशा वस्तूंना तिचा न जाणारा वास धरतो, म्हणून अशा वस्तू तंबोऱ्याच्या खोक्यात ठेवूच नका, असंही काकांनी बजावलं.

मी तंबोरा कानाशी धरून सावकाश आडवा केला, उलटा केला. आत काही खुळखुळत नव्हतं. मग आईनं सुचवलं ते केलं. लेकीच्या क्राफ्टचा काळा कागद जमिनीवर पसरून तंबोरा रात्रभर त्यावर आडवा ठेवला. वाळवी किंवा भुंगेरा असेल तर लाकडाचं पीठ गळतं. सकाळी कागदावर काही नव्हतं. दुसऱ्या रात्री भोपळ्याची दुसरी बाजू खाली केली. तिसऱ्या रात्री दांडी. तीनही कागद स्वच्छ निघाले. त्यांचे तारखेसहित फोटो काढून ठेवले.

खरी अडचण एवढीशी होती. तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी फळीवर, तारा ज्यावरून जातात ती घोडी. बोटभर उंचीची, पिवळसर पांढरी, वरचा भाग तारांनी घासून गुळगुळीत झालेला. ती कशाची? पूर्वी घोड्या हाडाच्या करत, सांबरशिंगाच्या करत, त्याआधी हस्तिदंताच्याही. हाड असेल तर लिहून दाखवता येतं. शिंग असेल तर वन्यजीव संरक्षण कायद्यात ते बाहेर नेणं बसत नाही. हस्तिदंताचा तर विषयच नको. मिरजेच्या एका कारागिरांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्यांनी फोन जवळ घ्यायला सांगितला, प्रकाश बदलायला सांगितला, आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "हाडाचीच वाटते. पण हातात घेतल्याशिवाय मी सांगणार नाही, आणि हातात घेऊनही लिहून देणार नाही."

मी बेलापूरला फोन केला. 'बहुधा हाड' असं लिहिलं तर चालेल का? काका म्हणाले, "ताई, 'बहुधा' लिहायला त्या फॉर्मात जागा नाही. माहीत असेल ते पाठवा. माहीत नाही ते घरी ठेवा."

दादरला एका जुन्या वाद्यदुरुस्तीवाल्यांकडे तंबोरा नेला. त्यांनी चारही तारा उतरवल्या, जुनी घोडी काढली आणि नवी शिसवी घोडी बसवून जव्हारी लावून दिली, म्हणजे तारांचा नाद भरून यावा म्हणून घोडीचा वरचा भाग घासून जुळवला. कसल्या लाकडाची आहे ते बिलावर लिहून घेतलं. जुनी घोडी मी हातरुमालात बांधून पाचपाखाडीला नेली. आईनं ती हातात घेतली, थोडा वेळ अंगठ्यानं वरच्या खाचा चाचपल्या आणि कपाटातल्या चांदीच्या डब्यात ठेवून दिली. त्यावर आम्ही दोघी काही बोललो नाही.

तंबोऱ्यानंतर स्वयंपाकघर. इथे भांडं लहान आणि नियम मोठा, असा प्रकार आहे. धान्याला लागणारा खापरा भुंगेरा आपल्याकडे कुणाला नवा नाही. त्याच्या अळ्या पत्र्याच्या सांध्यात, लाकडाच्या फटीत अन्नाशिवाय वर्षानुवर्षं तग धरतात. ऑस्ट्रेलियात हा किडा नाही आणि तिथली गव्हाची शेती त्याच्या भीतीनं सावध असते. २०२० च्या सप्टेंबरपासून अशा घरगुती सामानातून ठरावीक धान्यं आणि मसाले आणायला त्यांनी बंदी केली, ऑक्टोबरपासून प्रवाशांच्या बॅगांतूनही. ती यादी मी वाचली तेव्हा आमचा किराणा कुणीतरी वाचून दाखवतंय असं वाटलं. तांदूळ, गहू, हरभरे, तूर, मूग, उडीद, मसूर, शेंगदाणे, धणे, जिरे, बडीशेप, सुक्या मिरच्या.

धान्य न्यायचं नव्हतंच. पण धान्य ज्यात राहिलं होतं ते न्यायचं होतं. गव्हाची स्टीलची कोठी मी तीनदा धुतली, उन्हात ठेवली. पावसाळ्यात ऊन कुठलं, पंख्याखाली ठेवली म्हणा. तरी झाकणाच्या दुमडलेल्या काठात टाचणी फिरवली तर चार दाणे आणि राखाडी भुकटी निघाली. दोन कोठ्या तिथेच मैत्रिणीला दिल्या. घरघंटी न्यायची माझी फार इच्छा होती. तिचं जातं, चाळणी, पीठ पडायची नळी सगळं उघडून दोन संध्याकाळ ब्रशनं घासलं. आतल्या एका सांध्यात पीठ असं घट्ट बसलं होतं की ते निघेना. तीही राहिली. रवळी, सूप, केरसुणी, खराटा, वेताची टोपली यांचा मी विचारच केला नाही. पोळपाट-लाटणं गेलं, पण घासून, वाळवून, तेलाचा हातही न लावता. पुरणयंत्र गेलं. पाटा-वरवंटा खरखरीत ब्रशनं धुऊन, कपड्यात गुंडाळून गेला.

मातीचं विसरू नका. आम्ही दर पावसाळ्यात येऊरला जायचो. बुटांच्या तळातल्या खाचांत येऊरची लाल माती वाळून बसली होती. ती जुन्या टूथब्रशनं काढली. लेकीच्या सायकलची चाकं, चेन, मडगार्डची आतली बाजू अंगणातल्या नळावर धुतली. लेकीला हे काम फार आवडलं. "आई, आपण गणपतीच्या आधी घर आवरतो तसं आवरतोय ना?" असं तिनं विचारलं, आणि खरंच तसंच वाटत होतं.

पॅकिंगच्या दिवशी, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. पॅकर्सची मुलं सकाळी आठला आली. सोसायटीची परवानगी आधीच काढली होती. लिफ्टला आतून पुठ्ठे लावले. पहिल्याच तासाला माझं त्यांच्याशी वाजलं. आणलेल्या खोक्यांतली पाच-सहा जुनी होती, त्यांवर सफरचंदांची चित्रं आणि आत फळांचा वास. फळं, भाज्या, अंडी, मांस ठेवलेली खोकी ऑस्ट्रेलियासाठी वापरू नयेत, हे ठळक लिहिलेलं असतं. मुकादम म्हणाला, "मॅडम, वरून टेप मारली की दिसतंय कुणाला?" मी त्याच्या ऑफिसला फोन लावला आणि नवी खोकी येईपर्यंत काम थांबवलं. दोन तास गेले. मला वाईट वाटलं, कारण मुलं पावसात भिजून पुन्हा गोदामात गेली. पण फॉर्मवर नाव माझं जाणार होतं.

तंबोऱ्याच्या लाकडी पेटीचंही तसंच झालं. सुतार उरलेल्या पॅलेटच्या फळ्या घेऊन आला होता. परदेशी जाणाऱ्या लाकडी पेटीला गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता अर्धा तास द्यावी लागते किंवा धुरी द्यावी लागते, आणि मग गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असलेला शिक्का पडतो. शिक्का नाही तर पेटीच अडते, आतला तंबोरा कितीही स्वच्छ असो. दुसऱ्या दिवशी शिक्का असलेल्या फळ्या आल्या. त्या शिक्क्यातली 'आयएन' ही भारताची अक्षरं बघून मग मी तंबोरा आत ठेवायला दिला. तारा सैल, मणी काढून वेगळ्या पुडीत, दांडीखाली दोन गाद्या.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. खोकी आपण स्वतः भरली तर आतली मोडतोड बहुतेक विम्यात धरत नाहीत. पॅकर्सनी भरली तर धरतात. पण पॅकर्सनी भरली की आत नेमकं काय गेलं ते आपल्याला माहीत नसतं. म्हणून मी मधला मार्ग काढला. मुलांनी भरायचं आणि मी शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक वस्तू खोक्यात जाताना लिहायची. 'स्टीलची वाटी, ६. काचेची बरणी, रिकामी, धुतलेली, २. लोकरीचा स्वेटर, धुतलेला, ३.' संध्याकाळपर्यंत एकवीस खोकी आणि एक पेटी झाली. यादी अकरा पानांची. सगळं मिळून साडेसहा सीबीएम, म्हणजे घनमीटर. वीसफुटी कंटेनरमध्ये साधारण तेहतीस मावतात, म्हणजे आमचं सामान इतरांच्या सामानाबरोबर एकाच कंटेनरमधून जाणार होतं.

तिसऱ्या दिवशी टेम्पो कळव्यावरून, विटावा ओलांडून ठाणे-बेलापूर रस्त्यानं उरणकडे निघाला. काकांनी गेटपास काढून दिला होता म्हणून मी मागून गेले. द्रोणागिरीजवळच्या त्या कंटेनर फ्रेट स्टेशनमध्ये पत्र्याच्या छपराखाली कुणाकुणाचे संसार रांगेत उभे होते. कुणाचा पाळणा, कुणाची शिलाई मशीन, एकावर ठळक अक्षरांत 'बाबांची पुस्तकं' लिहिलेलं. कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनी आमची दोन खोकी उघडायला सांगितली, यादीशी ताडून पाहिली. पेटीकडे बघून विचारलं, "यात काय?" मी यादीतलं पान दाखवलं. भोपळा, लाकूड, पोलादी-पितळी तारा, शिसवी घोडी, दुरुस्तीचं बिल. त्यांनी पान वाचलं, मान हलवली आणि पुढच्या रांगेकडे गेले. संध्याकाळी काकांचा मेसेज आला, निर्यातीचा हुकूम मिळाला.

आम्ही जुलैच्या शेवटी विमानानं निघालो. जहाज कोलंबोमार्गे फिरून सप्टेंबरच्या मध्याला लागलं. माणसं आधी पोहोचावीत आणि सामान नंतर, असं काकांनी मुद्दाम आखलं होतं. मालक तिथे नसला की सामान गोदामात पडून भाडं चढत राहतं.

तपासणी तिथल्या मान्यताप्राप्त गोदामात होते, आपल्याला हजर राहावं लागत नाही. चौथ्या दिवशी तिकडच्या एजंटचा फोन आला. तंबोरा, सायकल, बूट, पोळपाट पास. अकरा नंबरचं खोकं थांबवलं होतं. देव्हारा.

"ड्रॉवरमध्ये कागदाची पुडी आहे," ती म्हणाली. "आत तांदूळ."

मला एका क्षणात कळलं. देव्हारा मी स्वतः पुसला होता, खालचा छोटा खण रिकामा केला होता. पण पॅकिंगच्या आदल्या रात्री आई येऊन गेली होती. रिकामं भांडं कुणाला देऊ नये, रिकामा देव्हारा घराबाहेर काढू नये, अशी तिची आयुष्यभराची सवय. तिनं खणात अक्षता आणि एक सुपारी ठेवली होती, आमचं तिकडे चांगलं व्हावं म्हणून. आणि मी फॉर्मवर लिहिलं होतं, धान्य नाही, बी नाही.

मी त्याच दिवशी सगळं जसं घडलं तसं मेलनं लिहिलं. पुडी माझ्या आईनं आशीर्वाद म्हणून ठेवली, मला माहीत नव्हतं, पण खण पुन्हा न बघता सही केली ही चूक माझी. बाकीच्या वीस खोक्यांची यादी वस्तूगणिक होती, याचा तेव्हा उपयोग झाला असं एजंट म्हणाली. अधिकाऱ्यांनी तांदूळ आणि सुपारी नष्ट करायला घेतली, देव्हारा भिंगाखाली तपासला, किडा नव्हता. जादा तपासणीचे पैसे भरले. आठवड्यानं देव्हारा सुटला. तुमच्याकडून कुणी सामान पाठवत असेल तर एवढंच सांगेन की सील लागायच्या आधी घरातल्या मोठ्यांना जवळ बसवून विचारा. त्यांनी कुठे काय प्रेमानं ठेवलंय ते तेच सांगू शकतात.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती काही क्षण गप्प राहिली. मग म्हणाली, "तुला त्रास झाला ना माझ्यामुळे?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "तिथल्या दुकानात तांदूळ मिळतो ना? मग तिथल्या अक्षता ठेव. देव काही वेगळा नाही."

त्याच रविवारी पेटी उघडली. फळ्यांचे स्क्रू नवऱ्यानं काढले, गाद्या लेकीनं. तंबोऱ्याला ओरखडाही नव्हता. मणी ओवले, तारा चढवल्या, नव्या घोडीवर सुताचे दोरे सरकवत जव्हारी शोधत बसले. आवाज थोडा कोरडा लागत होता. बाबांच्या घोडीवरचा तो भरलेला, मागे रेंगाळणारा नाद अजून येत नव्हता. मी फोन गादीवर ठेवला, आईला लावला, आणि काही न बोलता पंचम, जोड आणि खर्ज या तारा छेडत राहिले.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग आई म्हणाली, "खर्ज उतरलाय गं. जरा वर घे."